लेप लावायला आलेल्या मुली

हेल्मीला हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांमध्ये न्यायचं ठरलं, तेव्हापासून तरन्नुम धास्तावली होती. भीती नेमकी कशाची, ते तिला सांगता आलं नसतं. हेल्मी फिनलंडची. तिकडच्या एका कॉलेजात ती डेंटल हायजिनिस्टचं, म्हणजे दातांची सफाई आणि निगा राखण्याचं शिक्षण घेत होती, आणि इकडं तरन्नुम तेच शिकत होती. दोन्ही कॉलेजांमध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार झाला होता. हेल्मीनं उन्हाळ्याच्या तोंडावर दीड महिना इकडं यायचं आणि पावसाळा सरला की तरन्नुमनं तिकडं जायचं.

तरन्नुम कळमनुरीची. तिचे अब्बा, फकीरभाई, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते हातातलं काम थांबवून मुलीच्या परदेशाचं सांगायचे. ते ऐकलं की तरन्नुमचा जीव आणखी लहान व्हायचा. हेल्मीला ऊन बाधलं तर, पाणी बाधलं तर, कुणी वेडंवाकडं बोललं तर, सगळा करारच मोडेल आणि अब्बांनी गावभर सांगितलेलं खोटं ठरेल, असं तिला वाटत राहायचं. हेल्मीला मात्र कशाचीच काळजी नव्हती. ती रस्त्यावर पाणीपुरी खायची, शेळ्यांचे फोटो काढायची, आणि "आ कर" हे दोन शब्द इतके छान शिकली होती की लेकरं तिच्यासमोर हसत तोंड उघडायची.

त्या दिवशी दोघी सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका गावात होत्या. सोबत कॉलेजातले डॉक्टर प्रेमानंद सर होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गातले बाक जोडून मुलांना निजवायचं, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात लहानशा आरशानं एकेक दात बघायचा आणि मग त्यावर फ्लोराइडचा लेप लावायचा, असं काम होतं. लेप पिवळसर आणि चिकट असतो. दात किडू नयेत म्हणून लावतात, पण लावल्यावर दिवसभर दात हळद फासल्यासारखे दिसतात. संध्याकाळपर्यंत कडक काही खाऊ नका आणि आज दात घासू नका, असं तरन्नुम प्रत्येकाला सांगत होती. शाळेचे मुख्याध्यापक सोमेश्वर सरांनी पालकांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. लेप म्हणजे काय, हे मात्र कुणी फारसं विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

दुसरीतली सृष्टी नावाची मुलगी बाकावर आली तेव्हा रांग अजून बरीच लांब होती. तिची खालची एक दाढ मुळापर्यंत काळी पडली होती. हेल्मीनं आरसा थांबवला आणि इंग्रजीत सांगितलं की ही वाचणार नाही. तरन्नुमनं ते मुलीला मराठीत सांगितलं, ही दाढ काढावी लागेल. सृष्टीनं पडल्यापडल्या विचारलं, "आजच?"

तरन्नुम तेव्हा पुढच्या मुलाचं नाव बघत होती. "बघू," ती म्हणाली.

लेप लागला तशी सृष्टी बाकावरून उतरली आणि वर्गाबाहेर गेली.

दुपारी शाळा सुटली. लेप संपत आला होता, उद्याच्या शाळेसाठी आणखी हवा होता, म्हणून प्रेमानंद सर जीप घेऊन तालुक्याच्या गावी, औंढ्याला गेले. तासाभरात येतो म्हणाले. दोघी मुली रिकाम्या वर्गात बसून वापरलेले आरसे डब्यात भरू लागल्या. बाहेर ऊन नुसतं तापलं होतं. मैदानात चिटपाखरू नव्हतं.

पहिल्यांदा एक बाई आली. सृष्टी शाळेत आहे का, एवढंच तिनं दारातून विचारलं. सोमेश्वर सर म्हणाले, सगळी मुलं घरी गेली. बाई गेली. थोड्या वेळानं दोन माणसं आली. त्यांनी काही विचारलं नाही. वर्गांमधून डोकावली, मग डब्यातल्या आरशांकडं, हातमोज्यांकडं आणि हेल्मीकडं बघत उभी राहिली. तरन्नुमनं नमस्कार केला, त्यांनी मान हलवली नाही. ती गेल्यावर हेल्मीनं विचारलं, काय झालं? तरन्नुम म्हणाली, काही नाही. पण तिनं उरलेले आरसे घाईनं भरून डब्याचं झाकण लावलं.

मग फाटकाशी आवाज वाढला.

सोमेश्वर सर बाहेर जाऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी दोघींना सामानाच्या डब्यासकट घाईनं ऑफिसच्या खोलीत घेतलं आणि दार लावून आतून कडी घातली. सृष्टी सापडत नव्हती. शाळा सुटल्यापासून तिला कुणी पाहिलं नव्हतं. गावातल्या एका दुसऱ्या लेकरानं घरी जाऊन उलटी केली होती, आणि त्याच्या आईनं त्याचे पिवळे दात पाहिले होते. त्यात विकास नावाच्या पोरानं मोबाइलवर आलेला एक निरोप सगळ्यांना ऐकवला होता. पांढरे कोट आणि तोंडाला मास्क लावलेल्या बायांची टोळी गाडीतून फिरते, लेकरांच्या तोंडाला गुंगीचं औषध लावते आणि मग त्यांना उचलून नेते, असा तो निरोप होता. तो कुठल्या राज्यातला, किती वर्षांपूर्वीचा, कुणाला ठाऊक नव्हतं. पण पांढरे कोट खरे होते, मास्क खरे होते, लेकरांच्या दातांना काहीतरी लावलेलंही खरं होतं. आणि गाडी दुपारीच गावाबाहेर गेली होती.

तरन्नुमनं प्रेमानंद सरांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला लागला आणि ते म्हणाले, दार उघडू नका, मी पोलिसांना सांगून निघतोच. मग आवाज तुटला. औंढा काही फार लांब नव्हतं, पण त्या खोलीत ते अंतर मोजता येत नव्हतं.

खोलीला एक खिडकी होती, गजांची, वर अर्धी काच. तिच्यातून माणसं दिसत होती. आधी फाटकापाशी, मग झेंड्याच्या कट्ट्यापाशी, मग पायरीपाशी. बहुतेक सगळे रोजच्या कपड्यांतले, शेतातून उठून आलेले. कुणाच्या हातात कुऱ्हाडी-कोयते नव्हते. एकाच्या हातात बैल हाकायची काठी होती, तीही बहुधा सवयीनं आलेली. तरीही ते सगळे एकाच दाराकडं बघत होते, आणि एवढ्या माणसांनी एकाच दाराकडं बघणं म्हणजे काय, हे तरन्नुमला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. तिनं कोटावरची नावाची पट्टी हळूच काढून मुठीत दाबली. नाव वाचून काय होईल, तिला माहीत नव्हतं. गावात दोन-चार मुसलमान घरं होती, सकाळी तिनंच त्यांच्या लेकरांना लेप लावला होता. तरी तिनं पट्टी काढलीच.

सोमेश्वर सर तिच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हा कोट काढा. ओढणी डोक्यावर घ्या आन् मागच्या दारानं निघा. पलीकडं माझ्या भावाचं घर हाय. तुमच्याकडं कोणी बघणार न्हाई. ह्या बाईला मी सांभाळतो."

तरन्नुमनं कोट काढला. हे ती पुढंही विसरू शकली नाही. तिनं कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि ओढणी डोक्यावर घेतली. मागच्या दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. तेवढ्यात तिनं वळून पाहिलं. हेल्मी भिंतीला टेकून उभी होती. सरांच्या बोलण्यातलं एक अक्षर न कळताही तिला सगळं कळलं होतं. तिचा गोरा चेहरा कागदासारखा झाला होता, आणि ती इंग्रजीत हळूच म्हणाली, "तू जा."

तरन्नुमला जाता आलं नाही. ते धाडस होतं असं तिला कधीच वाटलं नाही. कडीवरचा हात निसटला. ती तिथंच दाराशी खाली बसली.

त्याच वेळी दगड आला. वरची काच फुटली आणि एक तुकडा हेल्मीच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं. हेल्मी ओरडली नाही, नुसता श्वास आत ओढला. तरन्नुम उठली, डब्यातला कापूस आणि जाळीचा कपडा घेतला आणि तिची भुवई दाबून धरली. बाहेर कुणीतरी रागावून म्हणालं, दगड कोणी मारला रे. मग दारावर थापा पडू लागल्या. सोमेश्वर सर आतून कडी धरून, पोरीहो भिऊ नका, असं म्हणत होते.

विकासचा आवाज खिडकीतून आला. "उघडा दार. न्हाईतर आमी तोडतो."

आणि मग दुसरा एक आवाज आला, त्या सगळ्यांच्या खालून.

"माझं लेकरू द्या."

मघाशी दारातून विचारून गेलेली तीच बाई खिडकीशी आली होती. ती सृष्टीची आई, सुनिता. दोन्ही हातांनी गज धरले होते. पदर पडला होता, ओठ कोरडे होते. तिच्या डोळ्यांत राग शोधूनही सापडला नसता. तरन्नुमला वाटलं, आपल्याला मघापासून जी भीती वाटते आहे तीच हिच्या डोळ्यांत आहे, फक्त कितीतरी पट मोठी.

हेल्मीला कापूस धरायला सांगून ती खिडकीशी गेली. सोमेश्वर सरांनी तिला मागं ओढायचा प्रयत्न केला. ती हललीच नाही.

"ताई, आमच्याकडं न्हाई सृष्टी," ती म्हणाली. "खोली बघा. दोघीच हाव आमी, आन् सर."

सुनितानं गजांतून आत पाहिलं. टेबल, कपाट, खुर्ची, रक्तानं माखलेली परकी मुलगी. "मंग कुठाय?" ती म्हणाली. "कॅनॉलकडं तर न्हाई गेली?" आणि ती तरन्नुमकडं अशी बघू लागली, जणू तिलाच ते माहीत असणार होतं.

कॅनॉल शब्द ऐकला आणि तरन्नुमनं गज घट्ट धरले. धरणाचं पाणी त्या आठवड्यात सोडलेलं होतं. सकाळी येताना जीपमधून तिनंच ते हेल्मीला दाखवलं होतं, काठोकाठ, वेगानं जाणारं. मागोमाग तिला बाकावर पडलेली ती लहान मुलगी आठवली, काळी दाढ, तिचा प्रश्न, आणि आपण दिलेलं उत्तर.

आता गप्प राहिलं तरी चाललं असतं. पोलीस येतच होते. जे सांगायचं ते सांगितलं तर बाहेरचे लोक काय करतील, हे तिला दिसत होतं. तिनं ते सगळं एका क्षणात पाहिलं आणि तरी तोंडातून शब्द बाहेर पडलेच.

"ताई, ती आमच्यामुळं गेली असंल," ती म्हणाली. "आमाला भिऊन."

मागून विकास म्हणाला, "ऐका. कबूल करून राहिली."

लोक पुढं सरकले. दार पुन्हा वाजलं. तरन्नुम गजांना चिकटून, फक्त सुनिताला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत राहिली. सृष्टीची दाढ किडली आहे. काढावी लागेल, असं मी तिला म्हणाले. आजच का, असं तिनं विचारलं. मी तिच्याकडं न बघता बघू म्हणाले. आज काढणार नव्हतोच. आम्हाला काढताही येत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ते मी तिला सांगितलं नाही. आज आपली दाढ उपटणार, असंच तिला वाटलं असेल.

सुनिता गज धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

"अशी भ्याली की कुठं जाते ती?" तरन्नुमनं विचारलं. "घरी येते, का लपते?"

"सुईवाल्या बाई आल्या होत्या तवा..." सुनिता म्हणाली आणि थांबली. "तवा कडब्याच्या गंजीत जाऊन बसली होती. दिवस बुडोस्तर."

"तिथं बघितलं?"

"न्हाई. मला काहून सुचलं न्हाई..."

तिनं गज सोडले. मागं वळली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, कोणी माझ्यामागं येऊ नका म्हणून. तिच्या आवाजात असं काही होतं की माणसं बाजूला झाली. फाटकातून ती पळत गेली, तिची एक चप्पल पायरीशीच राहिली.

मग थांबणं आलं. दगडापेक्षा, दारावरच्या थापांपेक्षा तेच अवघड गेलं. कुणी ओरडत नव्हतं. विकास कट्ट्यावर बसला होता, मोबाइल हातात होता पण तो त्यात बघत नव्हता. तरन्नुमच्या मनात एकच विचार फिरत होता: गंजीत नसली तर. गंजीत नसली तर ती पाण्यात असणार, आणि ती पाण्यात गेली असेल तर ते आपल्या एका शब्दानं. मग हे लोक दार तोडून आत आले, तर त्यांना काय म्हणायचं? तिला अम्मीनं शिकवलेली दुआ आठवेना. अर्धी आठवायची, पुढं शब्द हरवायचे, पुन्हा पहिल्यापासून. हेल्मी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींचे हात धरले.

लोकांनी कॅनॉलकडं पाठवलेली पोरं परत आली आणि तिकडं कोणी दिसलं न्हाई म्हणाली. एका म्हाताऱ्या माणसानं खिडकीशी येऊन तरन्नुमला विचारलं, तू कुठली. कळमनुरीची, ती म्हणाली. नाव काय. मुठीतली पट्टी घामानं ओली झाली होती. "तरन्नुम," ती म्हणाली. "मोटारी भरणाऱ्या फकीरभाईची मुलगी." म्हातारा मान हलवून मागं गेला. त्या मान हलवण्याचा अर्थ तिला तेव्हाही लागला नाही आणि नंतरही.

सुनिता आली ती चालत. कडेवर सृष्टी होती. केसांत कडब्याच्या काड्या, गालांवर धुळीचे ओघळ, दात पिवळे. ती गंजीच्या पोटात शिरून बसली होती. गावात आरडाओरडा सुरू झाला तेव्हा जागीच होती. लोक आपलंच नाव घेऊन हाका मारत आहेत म्हणजे दाढ उपटायला धरून नेणार, असं समजून ती आणखी आत सरकली होती. प्रत्येक हाकेसरशी आत.

फाटकापाशी काही बाया रडू लागल्या. माणसं एकेक करून निघाली. कुणी डोक्यावरची टोपी नीट करत, कुणी उगाच शेजाऱ्याशी पाण्याच्या पाळीबद्दल बोलत. सोमेश्वर सरांनी दार उघडलं. तरन्नुम बाहेर पायरीवर आली. सृष्टीनं तिला पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून किंचाळू लागली. तरन्नुम दोन पावलं मागं झाली, पुन्हा दाराच्या सावलीत.

सुनितानं लेकीच्या पाठीवर थोपटलं. मग तरन्नुमकडं बघून शांतपणे म्हणाली, "लेकराची दाढ काढायची असंल, तर मला आधी सांगत जा. तिला न्हाई."

"व्हय ताई," तरन्नुम म्हणाली.

जीप आणि पोलिसांची गाडी आली तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. दगड कोणी मारला, हे कुणी सांगितलं नाही. विकास मात्र तिथंच थांबला होता. त्यानं पोलिसांना तो निरोप ऐकवला, आणि तो आपल्याला कुणाकडून आला, हे सांगताना मधेच त्याचा आवाज बसला. त्याच्या चुलत भावाची मुलगी होती सृष्टी.

हेल्मीच्या भुवईला हिंगोलीत टाके पडले. तिच्या कॉलेजनं तिला लगेच परत बोलावलं. तीच म्हणाली, मी राहते. मग राहिलेले दिवस ती कॉलेजच्या दवाखान्यातच काम करत होती, गावांना जाणं बंद झालं. करार मोडला नाही. फक्त यापुढं कुठल्याही शाळेत जायच्या आधी गावात बैठक घ्यायची आणि आयांना सगळं समजावून सांगायचं, असा नियम प्रेमानंद सरांनी केला. हेल्मी पूर्वीसारखीच हसायची. पण दवाखान्याचं दार वाऱ्यानं आपटलं की ती हातातलं हत्यार ताटलीत ठेवून द्यायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची. तरन्नुम तिच्या बाजूला जाऊन उभी राहायची.

घरी तरन्नुमनं काच फुटली, हेल्मीला लागलं, एवढंच सांगितलं होतं.

हेल्मी गेली त्या आठवड्यात तरन्नुम कळमनुरीच्या बाजारात भाजी घ्यायला गेली होती. गर्दीत कुणीतरी मागून तिची ओढणी धरली. तीन-चार वर्षांचं एक लेकरू होतं, आईपासून चुकलेलं, रडून रडून लाल झालेलं. असं लेकरू तिनं पूर्वी कितीदा उचलून घेतलं असतं. आता तिचे दोन्ही हात आपोआप पाठीमागं गेले. ती तशीच उभी राहून मोठ्यानं विचारू लागली, हे कोणाचं लेकरू, कोणाचं लेकरू हाय हे. आवाज चढला तसं ते आणखी रडू लागलं. लोक वळून बघू लागले. प्रत्येक चेहरा तिच्याकडं वळला की ती आणखी मोठ्यानं विचारायची. शेवटी कांदे विकणाऱ्या एका बाईनं उठून त्याला जवळ घेतलं, आणि तेवढ्यात त्याची आई धापा टाकत आली. आईनं तरन्नुमकडं पाहिलंसुद्धा नाही.

भाजी न घेताच तरन्नुम दुकानात गेली आणि अब्बांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. मग तिनं सगळं सांगितलं. कोट काढला ते, कडीला हात लावला ते, आणि आत्ता बाजारात जे झालं तेही. फकीरभाईंनी तांब्याची तार गुंडाळायची थांबवली. बाहेर नांदेडला जाणारी एक एसटी हॉर्न देत गेली, तरन्नुम दचकली, आणि ते त्यांनी पाहिलं.

"जाती ना तू?" त्यांनी विचारलं. "नै जाना तो नै जाना. मैं बोलतूं सबको."

तिनं मान खाली घातली. फिनलंडच्या शाळांमधल्या, तिची भाषा न कळणाऱ्या लेकरांसमोर आणि त्यांच्या आयांसमोर आपणच परकी, आपणच कोटवाली, तोंडावर मास्क लावलेली असणार, हे तिला दिसत होतं.

"जाती," ती म्हणाली.

ते इतकं हळू होतं की अब्बांना पुन्हा विचारावं लागलं.